प्रतिसाद: ज्युपिटर एसवरचं फोर्थ

वर कुणीतरी म्हटलंय की फोर्थ ही उलट्या डोक्याची प्रोग्रॅमिंग भाषा आहे आणि ज्युपिटर एस हा जुना घरगुती संगणक तिच्यामुळेच बुडाला. दुसरा मुद्दा बराचसा पटतो, पहिला नाही.

एम्युलेटरवर (आजच्या संगणकावर त्या जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) पहिल्यांदा '२ ३ + .' लिहिलं आणि ५ आले, तेव्हा मला ते सरळच वाटलं. आधी आकडे, मग क्रिया, शेवटी उत्तर दाखवणारं टिंब. आपलं मराठी क्रियापदही शेवटीच येतं की! आकडे स्टॅकवर ताटांसारखे रचले जातात आणि क्रिया वरचे दोन उचलते. त्रास होतो तो स्टॅकवर आत्ता काय आहे हे सतत डोक्यात ठेवण्याचा.

खरी गंमत मेमरीची आहे. १९८२ च्या या यंत्रात रॅम फक्त ३ केबी, त्यातली बरीचशी स्क्रीनमध्ये आणि अक्षरांच्या आकारांत गेल्यावर प्रोग्रॅमला जेमतेम १ केबी. म्हणून सोर्स, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, वेगळा साठवतच नाहीत. तुम्ही लिहिलेला शब्द (फोर्थमधली आज्ञा) लगेच कंपाइल होतो, म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात बदलतो, आणि 'लिस्ट' म्हटलं की त्या कंपाइल झालेल्या रूपातूनच मजकूर पुन्हा तयार होतो. एसच्या निर्मात्यांपैकी एक स्टीव्हन व्हिकर्स यांनी याआधी स्पेक्ट्रम या दुसऱ्या घरगुती संगणकाचं बेसिक (तेव्हाची नेहमीची प्रोग्रॅमिंग भाषा) लिहिलं होतं, त्यामुळे कमी जागेत संसार थाटायची सवय असणारच. बेसिकपेक्षा वेगही कितीतरी जास्त.

पण रंग नाहीत, आणि दुकानात शेजारी रंगीत स्पेक्ट्रम! पोरं काय मागणार?