मदत हवी आहे: 45,000 रुपयांत ‘अमेरिकन’ गिब्सन गिटार मिळतेय, खरी की बनावट कसं ओळखायचं?

पांदणरस्ता:
नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातला, खेड्यात राहतो. माझा पुतण्या भीमगीतांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. आतापर्यंत मित्राच्या गिव्हसन (ही देशी कंपनी, गिब्सन वेगळी) ॲकूस्टिकसमोर माईक धरून भागवलं. पण 14 एप्रिलच्या आगेमागे कार्यक्रमांची रीघ लागते, आणि ढोलक-ऑक्टोपॅडच्या आवाजात ती गिटार कुणाच्या कानापर्यंत पोचत नाही. तुरीचे पैसे हाती आलेत, त्यातून दादांनी त्याला इलेक्ट्रिक घेऊन द्यायचं ठरवलंय. पोरगा मनापासून वाजवतो, म्हणून त्याला चांगली वस्तू मिळावी एवढीच इच्छा आहे.

नागपूरच्या एकाची ऑनलाइन जाहिरात दिसली. गिब्सन लेस पॉल स्टँडर्ड, 2011 साली नातेवाइकाने अमेरिकेहून आणलेली, फारशी न वाजवलेली. सांगतोय 45,000. गिऱ्हाइकं रांगेत आहेत, 5,000 टोकन टाका म्हणजे तुमच्यासाठी ठेवतो, असं म्हणतो.

फोटोत दिसतं ते असं: हेडस्टॉकवर, म्हणजे गिटारीच्या लांब दांड्याच्या (नेकच्या) टोकाला खुंट्या असतात त्या भागावर, गिब्सनचं नाव, त्याखाली घंटेच्या आकाराची काळी पट्टी, तिला तीन स्क्रू. मागच्या बाजूला ‘मेड इन यूएसए’ आणि नंबर 94129563. अंगावर पिवळ्या-लाल रंगात आडवे पट्टे, फार देखणे.

नंबरवरून काही कळतं का? पाहायला गेलो तर नेमकं काय काय पाहायचं, सोबत काय न्यायचं? जाणकारांनी कृपया सांगावं.

वऱ्हाडी_गडी:
भाऊ, पयले टोकन पाठवू नोका. ज्याच्याजवळ खरी वस्तू हाय तो पायाले बलावते, आंधी पैशे मांगत नाई. बाकी जाणकार सांगतीन.

सोल्डरचा_धूर:
नागपूरला गिटार दुरुस्तीचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या नंबरातच उत्तर आहे. गिब्सनच्या नेहमीच्या कारखानी गिटारींवर 1977 पासून आठ आकडी नंबर येऊ लागला. त्यात पहिला आणि पाचवा आकडा मिळून साल, आणि दुसरा ते चौथा आकडा म्हणजे वर्षातला कितवा दिवस. 2005 मध्ये एक आकडा वाढून नंबर नऊ आकडी झाला. 2014 पासून काही वर्षं पद्धत बदलली होती, तेव्हा पहिले दोन आकडे सालाचे असत. आता तुमचा नंबर लावून बघा: साल 99 आणि दिवस 412. वर्षाला 412 दिवस नसतात. एक अपवाद आहे: 1994 साली बऱ्याच गिटारींवर 94 आणि पुढे सहा आकडे असा नंबर असे, पण त्या हिशेबाने ती 1994 ची ठरेल. विकणारा तर 2011 म्हणतोय, म्हणजे नंबर नऊ आकडी हवा होता. गिब्सनने स्वतःच पुन्हा काढलेल्या जुन्या मॉडेलांचे आणि आणखी काही खास मॉडेलांचे नंबर वेगळ्या रीतीने असतात, पण 2011 च्या स्टँडर्डला ही सबब चालत नाही.

मात्र नंबर बरोबर निघाला तरी गिटार खरी ठरत नाही, हेही लक्षात ठेवा. बनावट माल करणारे खऱ्या गिटारीचा नंबर उचलून शेकडो नगांवर ठोकतात. म्हणून नंबर चुकला तर तिथेच थांबायचं, आणि जुळला तर पुढची तपासणी सुरू करायची.

दुसरी गोष्ट ती काळी पट्टी. गिब्सनला तिथे दोन स्क्रू असतात, एक वर, एक खाली. तीन स्क्रू दिसले की माझा हात आखडतो. पट्टी काढली की आत नेकमधल्या लोखंडी सळीचं टोक दिसतं, तिला ट्रस रॉड म्हणतात. तारांच्या ताणाने नेक वाकते, ती सरळ ठेवायचं काम या सळीचं. गिब्सनमध्ये त्या टोकावर षटकोनी नट असतो, त्याला बाहेरून पाना बसतो, 5/16 इंची, म्हणजे जवळजवळ 8 मिलिमीटरचा. बनावट गिटारीत बहुतेक वेळा ॲलन की (एल आकाराची षटकोनी किल्ली) घालायचं भोक निघतं. नाव कोरता येतं, रंग मारता येतो, पण स्वस्त कारखाना ही आतली सळी सहसा बदलत बसत नाही. त्यामुळे माझा सगळ्यात जास्त भरवसा याच खुणेवर. एवढं मात्र आहे की गिब्सनच्याच मालकीच्या एपिफोनमध्येही ॲलन की लागते. म्हणजे भोक दिसलं तर ती गिब्सन नाही एवढं पक्कं.

तिसरं, फ्रेटची, म्हणजे नेकवर आडव्या ठोकलेल्या धातूच्या तारांची, टोकं. नेकच्या कडेला क्रीम रंगाची पट्टी असते, तिला बाइंडिंग म्हणतात. 2014 च्या आधीच्या लेस पॉल स्टँडर्डमध्ये फ्रेटची तार बाइंडिंगच्या अलीकडे संपते, आणि प्रत्येक फ्रेटच्या टोकाशी बाइंडिंगचाच बारीकसा उंचवटा राहतो. नखाने चाचपलं की कळतं. बनावट गिटारीत तार सरळ बाइंडिंगवरून कडेपर्यंत जाते, आणि हात सरकवला तर टोकं बोचतात.

ब्रिजचे, म्हणजे अंगावर तारा टेकतात त्या पट्टीचे, खांबही बघा. खऱ्या स्टँडर्डचे बारीक असतात आणि उंची कमी-जास्त करायला गोल चकती असते. बनावटीत जाडजूड खांब, आणि डोक्यावर मोठ्या पेचकसाची खाच.

नेक उलटी करून हेडस्टॉकच्या मुळाशी तिरपा सांधा दिसतो का पाहा. गिब्सनची नेक एका अखंड लाकडातून निघते, हेडस्टॉकच्या दोन बाजूंना तेवढ्या छोट्या चिपा चिकटवतात. स्वस्त गिटारीत हेडस्टॉक वेगळा करून तिरपा जोडलेला असतो. काळ्या रंगाखाली हा सांधा लपतो, लालसर पारदर्शक रंगात उघडा पडतो.

त्या देखण्या पट्ट्यांवर जाऊ नका. गिटार उजेडात हलवली की खऱ्या लाकडातले पट्टे सरकल्यासारखे दिसतात, छापील कागदाचे जागच्या जागी राहतात. पण पातळ खरी लाकडी पापुद्रीही सरकते, म्हणून ही खूण कच्ची.

सोबत छोटा फुलीचा पेचकस, टॉर्च आणि जॅकची केबल न्या. मागचं झाकण उघडायला सांगा, आतली सोल्डरिंग कशी आहे तेही दिसेल. मग ॲम्पला लावून आवाज वाढवा आणि तारांना हात लावा. गुणगुण कमी झाली तर तारांची अर्थिंगची वायर जोडलेली आहे. हात लावल्यावर वाढली किंवा तशीच राहिली तर जोड तुटलेला किंवा चुकलेला. खेड्यातल्या स्टेजवर जनरेटर आणि कच्च्या वायरिंगचा भरवसा नसतो, तारा आणि माईक एकदम धरले तर झटका बसू शकतो. त्यापासून ही तपासणी वाचवत नाही, स्टेजचं अर्थिंग वेगळं बघून घ्यावं लागतं. पण गिटार कुठलीही घ्या, ही तपासणी चुकवू नका.

पांदणरस्ता:
खूप खूप आभार. एवढं बारकाईने कुणी सांगितलं नव्हतं. त्याला पट्टी काढून फोटो पाठव म्हटलं, तर “वॉरंटी जाईल” म्हणाला. 2011 च्या सेकंडहँड गिटारीची कसली वॉरंटी? आणखी एक विचारतो. दुकानात एपिफोन दिसली, पण मागे ‘मेड इन चायना’ लिहिलंय. ती पण बनावटच ना?

सोल्डरचा_धूर:
नाही भाऊ. एपिफोन 1957 पासून गिब्सनकडे आहे, आणि तिच्या बहुतेक गिटारी चीनमध्येच, कंपनीच्या अधिकृत कारखान्यात बनतात. चीनमध्ये बनणं आणि बनावट असणं या दोन वेगळ्या गोष्टी. नवी अमेरिकन लेस पॉल स्टँडर्ड दोन लाखांच्या पुढे जाते, त्यामुळे 45,000 वर तिचा विचारच सोडा. ऑर्केस्ट्रासाठी यामाहाची पॅसिफिका बघा. तिच्या 012 मॉडेलमध्ये तारांचा आवाज उचलणारे तीन पिकअप आहेत, ब्रिजजवळ जाड आवाजाचा हंबकर आणि पुढे दोन सिंगल कॉइल, त्यामुळे सोलोही निघतो आणि गाण्यामागची साथही. उरलेल्या पैशात छोटा ॲम्प, केबल, बॅग बसतं. बिल घ्या, बिलावर गिटारीचा नंबर लिहून घ्या.

वऱ्हाडी_गडी:
अन त्या जाहिरातीची तक्रार टाका बरं. दुसऱ्या कोनाचं पोरगं फसाले नको. खोट्या मार्क्याचा माल इकनं 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यानं गुन्हा हाय, कलम 104. कोनी टोकन देऊन बसला असंन तर त्यानं 1930 वर, सायबर फसवणुकीच्या नंबरावर, फोन करावा, जेवढ्या लवकर तेवढं बरं.

पांदणरस्ता:
तक्रार टाकली. पुतण्या आधी हिरमुसला होता. मग त्यानेच फोटो मोठा करून फ्रेटची टोकं पाहिली आणि म्हणाला, “काका, तार कडेपर्यंत आली हाय.” आता रविवारी त्याला घेऊन नागपूरला येतोय, पॅसिफिका आणि एपिफोन दोन्ही वाजवून बघायला. सीताबर्डीच्या आसपासचं कुणी वाजवणारं तासभर सोबत येऊ शकेल का? गिटारीच्या तारा सुरात लागल्यात की नाही हे आम्हाला कानाने ओळखता येत नाही.