शब्दचर्चा : टॉरेंट फाईलला मराठीत काय म्हणावं?

नाशिकरोडला मी संगणकाचा क्लास घेतो. परवा एका मुलीनं उबुंटू या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमची टॉरेंट फाईल (मोठी फाईल इतरांकडून तुकड्यातुकड्यानं मागवायला लागणारी छोटी फाईल) उतरवली आणि विचारलं, "सर, अख्खी सिस्टीम एवढ्याशा फाईलमध्ये मावली कशी?" 'हा नुसता मेटाडेटा आहे', म्हणजे खऱ्या फाईलविषयीची माहिती, असं म्हटलं, तरी उलगडा होईना. 'अधिविदा' हा त्याचा मराठी प्रतिशब्द वापरून तर अजिबातच झाला नसता. रोजच्या बोलण्यातला शब्द सुचवा.

— बिल्टी! लासलगावहून कांद्याचा ट्रक निघतो तेव्हा ड्रायव्हरकडे बिल्टी असते : माल कोणता, गोण्या किती, कुठून कुठे. बिल्टी म्हणजे कांदा नव्हे. टॉरेंट फाईलमध्येही नाव, आकार, बहुधा ट्रॅकरचा (तुकडे कुणाकडे मिळतील ते सांगणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता असतो. खरा माल नसतो.

— दादा, बिल्टी छान आहे, पण मला ती अपुरी वाटते. इथे माल एका गोदामातून निघत नाही. ज्याच्याकडे जो तुकडा आहे तो त्याच्याकडून येतो, आणि घेणारा लगेच देणाराही होतो. शिवाय वाटेत एखादी गोणी बदलली, तर बिल्टीला काय कळणार? टॉरेंट फाईलला कळतं, आणि तिचा सगळा जीव त्यातच आहे. ब्रॅम कोहेननं २००१ साली आणलेल्या मूळ पद्धतीत प्रत्येक तुकड्याचा २० बाइटचा हॅश (तुकड्यातल्या मजकुरावरून गणितानं काढलेली छोटी खूण) तिच्यात लिहिलेला असतो. ७०० एमबीची फाईल २५६ केबीच्या तुकड्यांत पाडली तर तुकडे २,८०० आणि हॅश ५६,००० बाइटचे. म्हणजे ती छोटी फाईल जवळजवळ सगळी हॅशनीच भरलेली. आलेल्या तुकड्यात एक बिट जरी बदललेला असला, तरी हॅश जुळत नाही. तो तुकडा टाकून पुन्हा मागवला जातो. म्हणून तर अनोळखी माणसाकडून तुकडा घेता येतो. हॅशला आपण 'ठसा' म्हणू, बोटाचा असतो तसा. आणि या फाईलला 'ठसेयादी'.

— ठसेयादी पटलं. मग टॉरेंट फाईलऐवजी नुसती लिंक देतात ती, मॅग्नेट लिंक?

— ठसेयादीचा ठसा! लिंकमधली ती ४० अक्षरं म्हणजे यादीच्या मुख्य भागाचाच हॅश. तेवढ्यावरून आधी यादी इतरांकडून मागवायची, ठशाशी ताडून पाहायची, मग तुकडे.

— आज वर्गात वापरून पाहिला. "ही ठसेयादी, उबुंटू अजून यायचाय." मुलगी म्हणाली, "सर, कुणी यादीच बदलून दिली तर?" म्हटलं, म्हणून यादी उबुंटूच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्यायची, तुकडे मग कुणाकडूनही येऊ देत.