कथा इंचभरही सरकली नाही, तरी लक्षात राहिलेला भाग : पोकेमॉनच्या फिलरचे तुमचे अनुभव

फिलर, म्हणजे कथा पुढे न नेता नुसती जागा भरणारे भाग, म्हटलं की लोक नाक मुरडतात. पण पोकेमॉन या जपानी कार्टून मालिकेतून फिलर गाळले तर उरतं काय? आठ जिममधल्या लढती, त्या जिंकून मिळणारे आठ बॅज आणि शेवटी एक लीग, म्हणजे मोठी स्पर्धा. जोटो या प्रदेशात तेवढ्या आठ बॅजसाठी दीडशेहून जास्त भाग आहेत. बाकी सगळं म्हणजे नायक अ‍ॅशचा जंगलात रस्ता चुकणं, त्याचा सोबती ब्रॉकचं नव्या मुलीच्या प्रेमात पडणं आणि टीम रॉकेट या खलनायकांच्या टोळीने अ‍ॅशचा विजेचा पोकेमॉन पिकाचू पळवणं. मुळात मालिका गेमवरून निघालेली. नव्या पिढीचा गेम यायला काही वर्षं लागतात आणि टीव्हीला दर आठवड्याला भाग हवा. मग मधली जागा भरणार कशाने?

तर असा एखादा भाग सांगा, आणि तो बघताना तुमचं काय झालं तेही. शिव्या घातल्यात तरी चालतील, फक्त भाग कोणता ते लिहा.

*

सतरावा भाग. जहाज बुडाल्यानंतर अ‍ॅश एकीकडे आणि त्याचे पोकेमॉन दुसरीकडे, अशी ताटातूट होते. मग पिकाचू, चारमँडर, बल्बासॉर, स्क्वर्टल रात्री शेकोटीभोवती बसून आपापसात बोलतात आणि खाली चक्क सबटायटल्स! तोवर मला वाटायचं की ‘पिका पिका’ला काही अर्थ नसतो. त्यात टीम रॉकेटचा पोकेमॉन इकॅन्स म्हणतो की पोकेमॉन वाईट नसतात, मालक वाईट असतात. लहानपणी हे ऐकून मी गप्प झालो होतो. बेटावरचे अजस्र पोकेमॉन शेवटी यंत्रं निघतात, ते मात्र अगदीच पडेल. शेकोटी तेवढी बघा.

*

मी वैतागवाल्यांपैकी. साचा ठरलेला: वाटेत एक मुलगा भेटतो, त्याच्याकडे एक पोकेमॉन, त्याला काहीतरी जमत नसतं. टीम रॉकेट विजेचा परिणाम न होणारं यंत्र आणते. त्यावर विजेचा परिणाम होतो. ते आकाशात उडून जातात. लीगचा सामना तोंडावर आलेला असताना असा भाग लागला की रिमोट फेकावासा वाटायचा. सगळे भाग एकदम मिळतात तेव्हा फिलरचं कौतुक करणं सोपं आहे. आम्ही आठवडाभर वाट बघायचो हो.

*

टीम रॉकेटमधला बोलणारा, मांजरासारखा पोकेमॉन म्याउथ, त्याच्या पूर्वायुष्याचा भाग कुणी लिहिला नाही म्हणजे कमाल आहे.

भटक्या, उपाशी म्याउथला हॉलिवूडमध्ये एक मादी म्याउथ आवडते. ती श्रीमंत बाईची लाडकी, तिला माणसंच हवीत. म्हणून हा दोन पायांवर चालायला शिकतो. पडतो, उठतो, परत पडतो. मग चित्रांच्या पुस्तकातून बोलायला शिकतो आणि पहिला शब्द साधतो तो ‘रॉकेट’. हे सगळं करून तिच्यासमोर उभा राहतो, तर ती म्हणते, तू तर विचित्रच आहेस. शिवाय बोलायला शिकण्यात सगळी ताकद गेल्यामुळे बाकीच्या म्याउथना येणारा पे डेचा डावही त्याला जमत नाही.

मी हा भाग पहिल्यांदा पाहिला तेव्हा विनोदी म्हणून पाहिला होता. दुसऱ्यांदा पाहिला तो नोकरीत लागल्यावर, साहेबांना आवडावं म्हणून बोलण्याची ढबच बदलून टाकलेल्या दिवसांत. हसू आलं नाही. तेव्हापासून टीम रॉकेट हरली की मला आधी म्याउथकडे बघावंसं वाटतं.

*

वरच्या ताई, भाग सुंदर आहे, वाद नाही. पण तो फिलर कसा? इतक्या महत्त्वाच्या पात्राचा भूतकाळ कळतो त्यात.

*

(धागाकर्ती) अ‍ॅशचा प्रवास पुढे गेला का? नाही. मग इथे चालेल. व्याख्येवरून भांडायला दुसरा धागा काढू.

*

व्याख्येत बसत नसेल, तरी लिहिते. पोकेमॉनच्याच सन अँड मून मालिकेतला, लिटन (मांजरासारखा पोकेमॉन) आणि म्हाताऱ्या स्टाउटलँडचा (कुत्र्यासारखा पोकेमॉन) भाग, 2017 चा. शेवटी लिटन अ‍ॅशकडे येतं, म्हणजे कथा सरकते. पण त्याआधी लढाई-बिढाई फारशी नाही, एक म्हातारं जनावर थकत जातं एवढंच. मरण हा शब्द कुणी उच्चारत नाही. झाडाचं शेवटचं पान गळतं आणि स्टाउटलँडची झोपायची जागा रिकामी. लेक शेजारी बसून विचारत होती, ‘आई, ते कुठे गेले?’ कार्टून लावून भाजी निवडायची सवय मोडली त्या दिवशी.

*

जिगलीपफ हा गोल गुलाबी पोकेमॉन. गाणं म्हणतो, सगळे झोपतात, तो चिडतो, मार्करने तोंडं रंगवतो. पुढच्या वेळी पुन्हा तेच. मला अजूनही हसू येतं, काय करू.

*

डिजिमॉनवाले चालतील का? तीही अशीच जपानी राक्षसांची मालिका. 1999 च्या पहिल्या मालिकेचा 21 वा भाग, मामोरू होसोदांनी दिग्दर्शित केलेला. नायक ताइची डिजिटल जगातून अचानक घरी परततो. आजारी बहीण घरात, बाहेर उन्हाळा, मागे राव्हेलचा बोलेरो. बाकीचे सवंगडी डिजिटल जगात अडकलेले आणि हा घरात बसलेला, म्हणून तेव्हा आम्ही मित्रमंडळी कंटाळून ‘हे काय चाललंय’ म्हणत होतो. शेवटी तो वर खेचला जातो आणि बहिणीच्या हातातून त्याचा हात सुटतो. तिथे सगळे चिडीचूप. राक्षसांची मालिका बघायला बसलेली पोरं आम्ही, आणि त्या संध्याकाळी कुणाला राक्षस आठवला नाही.

*

अहो, पोकेमॉनमधला जोटोच्या आधीचा बेटांवरचा पूर्ण टप्पा, ऑरेंज आयलंड्स, विसरलात! पुढच्या पिढीचे गोल्ड-सिल्व्हर हे गेम 1999 च्या नोव्हेंबरमध्ये जपानमध्ये आले, तोवर मालिका चालू ठेवायची होती. मग गेममध्ये नसलेली बेटंच रचली. म्हणजे अख्खी लीगच फिलर. आणि अ‍ॅश तीच जिंकला! त्यानंतर अलोलाची लीग मिळेपर्यंत त्याला 2019 उजाडलं. गाळून बघणाऱ्यांनी त्याचा पहिला विजयच गाळला की.

*

लॅप्रास हा पोकेमॉन अ‍ॅशला मिळाला तोही तिथेच, +१. तिथे ब्रॉकच्या जागी आलेल्या सोबती ट्रेसीबद्दल मात्र एवढ्या प्रतिसादांत कुणी एक ओळ लिहिलेली नाही. बरोबरच आहे म्हणा.