छापखान्यातली नोकरी सांभाळून ऑनलाइन काम: उमेद कशी टिकवायची आणि थांबायचे केव्हा?

प्रश्न: अक्षरजुळणी_कागल

मंडळी, नमस्कार. मी कागल तालुक्यातील एका गावचा असून कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतील एका छापखान्यात संगणकावर अक्षरजुळणी आणि पानमांडणी करतो. लग्नपत्रिका, बिलबुके, सेवा संस्था व पतसंस्थांचे वार्षिक अहवाल असे कामाचे स्वरूप आहे. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकायच्या असल्याने ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मान वर करायला फुरसत नसते. पगार वेळेवर मिळतो, परंतु तो फारसा वाढेल असे दिसत नाही, कारण पत्रिकांची बरीच गिऱ्हाइके आता मोबाइलवरच्या तयार नमुन्यांवर भागवू लागली आहेत.

म्हणून गेल्या दिवाळीपासून रात्री घरी बसून ऑनलाइन कामे मिळवू लागलो. श्रीलिपी या जुन्या फाँटमधील मजकूर कोणत्याही संगणकावर वाचता येणाऱ्या युनिकोडमध्ये आणून तपासणे, मराठी पुस्तकांची मांडणी करणे आणि परगावच्या एजन्सींना मराठी माहितीपत्रके तयार करून देणे ही माझी कामे. काही कामे मिळाली, पैसेही आले. पण एखादा महिना बरा जातो आणि त्यानंतरचे महिने कोरडे जातात. प्रस्ताव पाठवायचे, उत्तराची वाट पाहायची आणि सकाळी डोळे चोळत बस पकडायची, या चक्रात उत्साह आटत चालला आहे. वडील विचारतात, “रात्रभर दिवा जाळतोस, त्यातून लाइटबिल तरी सुटतं का?” याउलट एका मित्राचे म्हणणे असे की, नोकरी धरून बसल्यामुळेच माझे इकडे बस्तान बसत नाही आणि ती सोडल्याशिवाय बसणारही नाही. घरी दोन म्हशी आणि थोडा ऊस आहे, त्यामुळे उपाशी राहण्याची वेळ येणार नाही. तरीही लहान भावाचे शिक्षण माझ्या पगारावर चालते.

माझे प्रश्न दोन आहेत. कामे येत नाहीत त्या काळात उमेद कशी टिकवावी? आणि ही वाट आपली नाही, हे ओळखायचे कशावरून?

उत्तर: बावडेकर

संकेतस्थळे तयार करून देण्याच्या कामावर माझे घर बऱ्याच वर्षांपासून चालते, त्यामुळे अनुभवावरून लिहितो. आपल्या घरी दुधाचे बिल दर दहा दिवसांनी येते आणि आडसाली ऊस दीड वर्ष शेतात उभा राहतो. उसाला वेळ लागतो म्हणून कोणी निराश होत नाही, कारण तोवर दुधाचे बिल घर चालवत असते. आणि दुधाचे बिल येते म्हणून कोणी ऊस मोडतही नाही. छापखान्याचा पगार हे सध्या तुमचे दुधाचे बिल आहे. ते बंद केले की ऑनलाइन काम अधिक जोमाने होईल, ही मित्राची समजूत मला पटत नाही, कारण पैशाची निकड असलेला माणूस पडेल त्या भावाला काम उचलतो आणि एकदा पडलेला भाव त्याच गिऱ्हाइकाकडून वाढवून मिळणे फार अवघड असते.

आता हिशेबाकडे वळू. उमेदीचा निम्मा प्रश्न मला हिशेबाचाच वाटतो. फायव्हर या ऑनलाइन कामे मिळवून देणाऱ्या संकेतस्थळावर ५० डॉलरचे काम केले तर कंपनी २० टक्के कापून घेते आणि तुमच्याकडे ४० डॉलर राहतात. नवख्याला ते काम पूर्ण झाल्यावर साधारण १४ दिवसांनी काढता येतात, आणि डॉलरचे रुपये करताना त्याला आणखी थोडी कात्री लागते. (ऊस नियंत्रण आदेशानुसार एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दरसुद्धा, १४ दिवसांतच द्यायला हवी असते. हवी असते, एवढेच म्हणतो.) उरलेल्या रकमेला केवळ पानमांडणीच्या तासांनी भागू नका. प्रस्ताव लिहिण्यात गेलेले तास, गिऱ्हाइकाशी झालेला पत्रव्यवहार, दुरुस्त्या आणि न मिळालेल्या कामांसाठी केलेले नमुने हे सगळे तास धरून भागा आणि येणारा आकडा छापखान्यातील तासाच्या मजुरीशेजारी मांडा. सुरुवातीला तो लाजिरवाणा निघेल. तसा तो जवळपास सर्वांचाच निघतो. पाहायचे ते एवढेच की, तिमाहीगणिक तो वर सरकतो आहे की जागचा हलत नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही त्याच वहीत सापडेल. चौकशीच येत नसेल तर तुम्ही लोकांना दिसत नाही आहात. चौकशी येऊन काम मिळत नसेल तर नमुन्यात किंवा दर सांगण्याच्या पद्धतीत खोट आहे. काम मिळते पण तेच गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नसेल तर कामाकडे कठोरपणे पाहायला हवे. आणि गिऱ्हाइके परत येऊनही पैसे पुरत नसतील, तर तुमच्यात दोष नाही, कामाचा प्रकार चुकला आहे. या चारही दुखण्यांवर उपाय वेगवेगळे आहेत, आणि ‘मन लागत नाही’ या एका नावाखाली ती एकत्र बांधली की कशावरच इलाज होत नाही. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, तीच मुदत धरा. तोवर परत येणारे एकही गिऱ्हाईक जोडले गेले नाही, तर हा प्रकार बंद करून दुसरा सुरू करा. त्याला हार म्हणण्याचे कारण नाही. उद्यमनगरात एका सुट्या भागाची मागणी संपली की कारखानदार दुसरा भाग काढतो.

उत्तर: गंगावेस_४१६

महिन्याला लाख रुपये मिळवल्याची चित्रे दाखवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे उत्पन्न त्या कामातून येत नाही, ते काम शिकवण्याच्या वर्गातून येते, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ मनःस्ताप वाचेल. काम देण्याआधी नोंदणी, अनामत किंवा प्रशिक्षण म्हणून पैसे मागणारा, तसेच व्हिडिओ पसंत करण्याचे पैसे देतो म्हणून टेलिग्रामवर बोलावणारा माणूस फसवणारा आहे असेच समजा. रक्कम गेलीच तर लाजू नका, तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार करा, कारण पहिल्या काही तासांत पैसे वाटेत गोठवता येण्याची शक्यता अधिक असते.

उत्तर: चप्पल_लाइन

माझा व्यवसाय वेगळा आहे. आमचे घर सुभाषनगरात पिढ्यानपिढ्या कोल्हापुरी पायताण बनवते आणि मी त्याच्या ऑनलाइन विक्रीचे काम पाहतो. बावडेकर दादांचा हिशेब बरोबर असला तरी त्यांनी उमेदीचा भाग फार लवकर वहीकडे ढकलला, असे मला वाटते. आकडा बरा असूनही मन खचते, आणि त्याचे कारण बहुधा असे असते की, ऑनलाइन धंद्यात नकार येतो पण नकार देणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. दुकानात गिऱ्हाईक चप्पल पायात घालून बघते. ती घट्ट बसली तर आम्ही समजावतो की, चामडे चार दिवस वापरल्यावर पायाप्रमाणे सैल पडते, आज सैल घेतली तर महिन्याभरात पाय बाहेर येईल. तेच गिऱ्हाईक घरी खोका उघडते, पाय घालते, घट्ट लागली की परत पाठवते आणि एक तारा देऊन मोकळे होते. जाण्यायेण्याचा खर्च आमच्या माथी पडतो. माल हाती पडल्यावर पैसे देण्याच्या पद्धतीत तर काही जण खोका न उघडताच परत करतात.

यावर उपाय सापडला तो असा की, मागणी आली की पाठवण्यापूर्वी पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने काढलेल्या आकृतीचे छायाचित्र मागवायचे आणि चप्पल सुरुवातीला घट्ट का बसते हे सांगणारी चिठ्ठी खोक्यात घालायची. परतीचा माल एकदम थांबला नाही, मात्र पुष्कळ कमी झाला. उमेद टिकली ती अशा एकेका अडचणीचा निकाल लागला म्हणून. सकाळी उठून प्रेरणादायी भाषणे ऐकल्याने ती टिकल्याचे मी कोणाच्या बाबतीत पाहिलेले नाही.

आणखी एक सांगतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवल्यानंतर आपल्या चपलेचे नाव जगभर गाजले. त्या आठवड्यांत आमच्याकडे चौकश्यांचा पूर आला, परंतु प्रत्यक्ष मागण्या त्या मानाने थोड्याच होत्या, आणि पावसाळा असल्याने चामड्याचा हंगामही नव्हता. अशा लाटेवर खर्च वाढवायचा नसतो. तुमच्याकडेही एखाद्या महिन्यात अचानक चार कामे येतील. त्या महिन्याच्या जोरावर हप्त्याने नवा संगणक घेऊ नका.

अक्षरजुळणी_कागल

सर्वांचे आभार. वही आजपासूनच घालतो. बावडेकर दादांच्या चारपैकी माझे दुखणे बहुतेक दुसरे आहे. चौकशी येते, पण दर सांगितला की समोरचा गप्प होतो. एक शंका मात्र मनातून जात नाही. मजकूर टंकणे, भाषांतर करणे आणि बोधचिन्ह काढणे आता यंत्र क्षणार्धात करते. मग मी आज जे शिकतो आहे ते दोन वर्षांनी कोणाला हवे असेल का?

उत्तर: गडहिंग्लजची_लेक

दादा, मी मराठी उपशीर्षके आणि भाषांतरांची तपासणी घरून करते, म्हणून ही शंका मलाही चुकलेली नाही. छापील पान पाहून टंकण्याचे काम माझ्याकडे आता येत नाही आणि ते परत येईल या आशेवर बसण्यात अर्थ नाही. पण जुन्या फाँटमधील मजकूर यंत्राने युनिकोडमध्ये बदलला की ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होते, ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते, आणि पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये योग्य कंपोजर (अक्षरे जुळवण्याची सोय) निवडलेला नसेल तर जोडाक्षरे फुटून हलन्त दिसू लागतात. मुंबई-बेंगळुरूच्या, किंवा त्याहून लांबच्या एजन्सीत ज्याच्या हाती ते पान असते त्याला मराठी वाचता येत नसल्याने ही मोडतोड त्याला दिसतच नाही. ती तुम्हाला दिसते. तेव्हा ‘मराठी टायपिंग करतो’ असे लिहिण्याऐवजी ‘छपाईला जाण्यापूर्वी मराठी पान तपासून देतो’ असे लिहा आणि आधीचे पान व दुरुस्त केलेले पान शेजारी ठेवून दाखवा. दर ऐकून गप्प होणारा माणूस अनेकदा दराला घाबरलेला नसतो. तो कशाचे पैसे देणार आहे हे त्याला कळलेले नसते.

घरून काम करण्याविषयीही दोन शब्द लिहिते. आमच्या घरी लॅपटॉपसमोर बसलेली व्यक्ती रिकामी समजली जाते. सिलिंडर घेणे, पाहुण्यांना चहा देणे, दळण आणणे ही कामे तिच्याकडेच येतात. मी कामाच्या वेळा कागदावर लिहून दाराला लावल्या आणि महिन्याच्या शेवटी खात्यात जमा झालेली रक्कम सासूबाईंना दाखवू लागले. त्यानंतर सिलिंडरवाला आला की त्याच उठू लागल्या. तुमच्या वडिलांचा लाइटबिलाचा प्रश्न टोमणा समजू नका. त्यांना आकडा हवा आहे, तो दर महिन्याला सांगा. कमी असला तरी सांगा.

उत्तर: निवृत्त_लेखनिक

बहुतेक मुले विसरतात त्या बाबी थोडक्यात लिहितो. ऑनलाइन कामाचे पैसे वेगळ्या बचत खात्यात घ्या. परदेशातून आलेली रक्कमसुद्धा करपात्र उत्पन्न असते, म्हणून पगारासोबत ती विवरणपत्रात दाखवा. भारतातील कंपनीने व्यावसायिक शुल्कातून १० टक्के कर कापला असेल तर तो पॅनवर जमा झालेला दिसतो. विवरणपत्र भरले नाही तर परताव्याचा हक्क असूनही तो मिळत नाही. सेवा देणाऱ्याला सर्वसाधारणपणे वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेल्यावर जीएसटी नोंदणी लागते, त्यामुळे तूर्त त्याची धास्ती नको. पुढे नोकरी सोडणार असाल तर आधी विवरणपत्रांची दोन-तीन वर्षांची साखळी तयार होऊ द्या, कारण पगारपत्रक नसलेल्याला कर्ज देताना बँक पहिल्यांदा तीच मागते. छापखान्यातून भविष्य निर्वाह निधी किंवा ईएसआय (कामगार विमा) मिळत असेल तर त्याची किंमतही तासाच्या मजुरीत धरा.

अक्षरजुळणी_कागल

काका, निधी कापला जातो. तो मी हिशेबात धरलाच नव्हता. नोकरी सध्या सोडत नाही. ताईंनी सांगितल्याप्रमाणे नमुन्याची पाने या आठवड्यात तयार करतो. पुस्तकाचा दर पानावर सांगावा की एकरकमी?

उत्तर: बावडेकर

पानावर सांगा, मात्र पान कोणत्या आकाराचे आणि त्यात तक्ते, तळटीपा किंवा चित्रे आहेत का, हे आधी विचारून घ्या. वार्षिक अहवालातील ताळेबंदाचे एक पान कादंबरीच्या दहा पानांइतका वेळ खाते हे तुम्हाला सांगायला नको. निम्मी रक्कम आगाऊ घ्या. दोन प्रुफे दरात धरलेली आहेत आणि तिसऱ्यापासून दुरुस्तीचे पैसे वेगळे पडतील, हे कामाला हात लावण्यापूर्वी ईमेलवर लेखी कळवा, कारण लेखकाला मजकुरात खरी सुधारणा सुचते ती नेमकी पाने बांधून झाल्यावर.