टोपणनाव आणि पोलीस ठाणं

'इंटरनेटवर टोपणनावाने लिहिलं की आपल्याला कोण धरणार' असं काहीजण म्हणतात, ते काही पटलं नाही. टोपणनाव वाचणाऱ्यांपासून लपवतं, तपास करणाऱ्यांपासून नाही. पोलीस त्या संकेतस्थळाकडून आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) आणि लिहिल्याची वेळ मागवतात, मग इंटरनेट कंपनीला विचारतात की त्या क्षणी तो पत्ता कोणाकडे होता. मोबाइलवर एकच आयपी एकाच वेळी अनेकजण वापरत असतात, त्यामुळे पोर्ट क्रमांकाची (एकाच पत्त्यावरच्या जोडण्या वेगळ्या ओळखणाऱ्या आकड्याची) नोंद नसेल तर माग तिथेच खुंटू शकतो. पण त्या भरवशावर कोणाची बदनामी करायची म्हणजे कमालच!

अर्थात उघड नावाने लिहिणाऱ्याचं काय होतं तेही पाहिलंय. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेल्यावर पालघरच्या एका मुलीने मुंबई बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. तिला अटक झाली, आणि ती पोस्ट लाइक करणाऱ्या मैत्रिणीलाही. त्यात लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम, म्हणजे ऑनलाइन 'आक्षेपार्ह' मजकुराला शिक्षा देणारं कलम, सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. अब्रुनुकसानी मात्र अजून फौजदारी गुन्हाच आहे, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, दोन वर्षांपर्यंत कैद. म्हणून गावातल्या रस्त्याच्या ठेकेदाराविरुद्ध लिहिणारा खरं नाव का टाकत नाही, हे मला कळतं.