ग्रंथालयाच्या वर्षभराच्या कामाचा अहवाल लिहायचाय, आकड्यांपलीकडे काय लिहू?

देवघेव_काउंटर

नमस्कार मंडळी. मी एका राज्य विद्यापीठाच्या ग्रंथालयात सहायक आहे, विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. आमच्या ग्रंथपाल मॅडमनी यंदा वार्षिक अहवाल माझ्याकडे दिलाय. दरवर्षी तो दीड पानाचा असतो, एवढी पुस्तकं दाखल झाली, एवढी निर्लेखित (यादीतून बाद) केली, एवढी देवघेव झाली, १२ ऑगस्टला ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या जयंतीला ग्रंथप्रदर्शन भरवलं, की संपला. मागच्या पाच-सहा वर्षांचे काढून वाचले तर आकडे बदललेत पण वाक्यं तीच्या तीच.

यंदा मात्र खरंच खूप काही झालंय हो. जुनं सॉफ्टवेअर सोडून आम्ही कोहा या ग्रंथालय सॉफ्टवेअरवर आलो, त्यासाठी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सगळ्यांनी रॅकवरचं एकेक पुस्तक काढून दाखल नोंदवहीशी ताडून बारकोड चिकटवले, म्हणजे साठा पडताळणी पण त्यातच उरकली. १ जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन (सरकारी संस्थांना संशोधन नियतकालिकं ऑनलाइन वाचायला देणारी केंद्राची योजना) सुरू झालं त्याचं लॉगिन, ट्रेनिंग सगळं आमच्याकडेच आलं. जुने प्रबंध स्कॅन करून शोधगंगा या प्रबंधांच्या राष्ट्रीय ऑनलाइन संग्रहावर चढवायचं काम निम्म्याच्या पुढे गेलं. परीक्षेच्या आधी महिनाभर रीडिंग हॉल रात्री बारापर्यंत उघडा ठेवला, आणि मुलींना पण थांबता यावं म्हणून वसतिगृहापर्यंत सोडायला सिक्युरिटीची बाई मिळवली, त्यासाठी मॅडमना किती फेऱ्या माराव्या लागल्या ते मी डोळ्यांनी बघितलंय.

आता प्रश्न असा की हे कसं लिहू? आणि जे बिनसलंय ते लिहू की नको? कारण एक गोष्ट अजून छळतेय, मराठी पुस्तकं ओपॅकवर (वाचकांच्या ऑनलाइन सूचीत) नीट सापडतच नाहीत. मागच्या आठवड्यात एम.ए.ची एक मुलगी 'शेतकऱ्याचा असूड' शोधत होती, निकाल शून्य. मला माहीत होतं पुस्तक कुठल्या रॅकला आहे, उठून आणून दिलं, चार प्रती आहेत आमच्याकडे. मग मी माझ्या कॉम्प्युटरवर नोंद उघडली तर शीर्षक जसंच्या तसं, अक्षराचा फरक नाही. मग सापडत का नाही? ती म्हणाली मॅडम मला वाटलं आपल्याकडे नाहीये, मी परतच निघाले होते. तेव्हापासून मनात हेच येतंय की अशी किती जणं परत गेली असतील.

जुनी_नोंदवही

ताई, मी निवृत्त ग्रंथपाल. ३१ वर्षं एकाच ग्रंथालयात काढली. तुमची पोस्ट दोनदा वाचली.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो, बिनसलेलं जरूर लिहा. माझ्या हातून एकदा चूक झाली ती सांगतो. जागा कमी पडली म्हणून नियतकालिकांचे जुने बांधीव खंड आम्ही तळघरात हलवले आणि त्याच पावसाळ्यात भिंतीतून ओल आली. खालच्या फळीवरचे खंड फुगले, पानं एकमेकांना चिकटली, आम्ही पंख्याखाली पानापानात टीपकागद घालून वाळवत बसलो, काही वाचले काही गेले. अहवालात मी लिहिलं 'नियतकालिकांचे सुयोग्य स्थलांतर करण्यात आले'. वाटलं कशाला आपल्या ग्रंथालयाचं नाव खराब. पुढच्या वर्षी लोखंडी रॅक आणि दुरुस्तीसाठी पैसे मागायला गेलो तर वित्त विभागानं माझाच अहवाल पुढे ठेवला, की तुम्हीच म्हणताय सगळं सुयोग्य आहे. दोन वर्षं रॅक मिळाले नाहीत आणि त्या दोन वर्षांत आणखी खंड गेले. ते मला अजून टोचतं. कागदावर न आलेलं नुकसान कचेरीच्या लेखी झालेलंच नसतं.

दुसरं, रंगनाथनांचे पाच सिद्धांत आपण सगळ्यांनी परीक्षेसाठी घोकले, १९३१ साली मांडलेले. त्यातला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा, तो हातात धरून अहवाल लिहा. बारकोड लावले हे आपलं काम झालं. पुस्तक परत करायला रांगेत आधी किती वेळ जायचा आणि आता किती जातो, ना-देय (नो ड्यूज) दाखल्यासाठी मुलाला आधी किती टेबलं फिरावं लागायचं, ते लिहा. घड्याळ लावून चार दिवस मोजा, अंदाजानं लिहू नका. मुख्य म्हणजे उन्हाळ्यात धूळ खात ज्यांनी पुस्तकं ताडली त्या ग्रंथालय परिचरांची नावं छापा. आमच्या काळात कधी छापली गेली नाहीत.

निळी_शाई

मी संशोधक विद्यार्थिनी आहे, वनस्पतीशास्त्र. वाचकाच्या बाजूने सांगते.

वन नेशन वन सबस्क्रिप्शनबद्दल बहुतेक अहवालात काय येणार तर मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ ला मान्यता दिली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं, ६,३०० च्या वर सरकारी संस्था. ते सगळीकडे छापलेलंच आहे. तुमच्या अहवालात तुमच्याकडे काय झालं ते येऊ द्या. माझं सांगते, आधी एखादा पेपर हवा असला की लेखकाला ईमेल टाकायचा, नाहीतर पुण्या-मुंबईच्या मैत्रिणीला सांगायचं, ती तिच्या कॅम्पसमधून काढून पाठवायची, आठवडा जायचा. आता गावी असताना आजीच्या घरी ओसरीवर बसून इनफेडच्या (कॅम्पसबाहेरून वापरायच्या) लॉगिनने मी एल्सव्हियर, वायलीचे पेपर उघडलेत. पहिल्यांदा पीडीएफ पूर्ण उघडली तेव्हा मला खरंच भरून आलं होतं.

पण हे मला कळलं कधी? चार-पाच महिन्यांनी, आणि ते पण शेजारच्या लॅबमधल्या मुलाकडून. सूचना लावली होती म्हणे बोर्डावर. त्यामुळे किती जणांचं लॉगिन झालं, किती विभागात जाऊन तुम्ही दाखवलंत हे लिहा, आणि जिथे पोचला नाहीत ते विभागही लिहा म्हणजे पुढच्या वर्षी तिथून सुरुवात करता येईल. डाउनलोडच्या एकूण आकड्यावर जाऊ नका, तो चार-पाच जणं मिळून पण फुगवू शकतात.

आणि एक, माझी रूममेट मराठीत पीएचडी करतेय, तिला या योजनेचा उपयोग बेताचाच. तिला हवेत जुन्या मराठी मासिकांचे खंड, जे तुमच्याकडे कपाटात आहेत आणि जुनी_नोंदवही काकांकडच्या खंडांसारखे ओल खात असतील. त्यांचं काय केलं यंदा, तेही येऊ दे.

स्पर्श

मला दिसत नाही, मी एनव्हीडीए (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून हा धागा ऐकतोय. प्रबंध स्कॅन केले म्हणालात म्हणून लिहितोय. नुसता स्कॅन म्हणजे पानाचा फोटो, माझा कॉम्प्युटर त्यावर गप्प बसतो. त्याचं ओसीआर करून, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून, मजकूर केला तरच मला वाचता येतं. मराठी ओसीआर आता बऱ्यापैकी होतं, जोडाक्षरात चुका राहतात पण अर्थ लागतो, माझी चुकांसह वाचायची तयारी आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदाच अपंग वाचकांसाठी अशी प्रत करायला परवानगी देतो, त्यामुळे 'परवानगी नाही' हे जे उत्तर मला एका ठिकाणी मिळालं ते बरोबर नव्हतं. सुगम्य पुस्तकालय या अपंग वाचकांच्या ऑनलाइन ग्रंथालयाची मेंबरशिप तुमच्या ग्रंथालयानं मुलांना काढून दिली तर तेवढी एक ओळ सुद्धा अहवालात मोठी ठरेल. एवढंच.

हलन्त

शून्य निकालाचं उत्तर माझ्याकडे आहे बहुतेक, आमच्याकडे सेम झालं होतं आणि महिना गेला शोधण्यात.

'ऱ्य' हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप होतं. एक म्हणजे साधा र, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), मग एक न दिसणारा जोडक आणि य. दुसरं म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, हलन्त आणि य. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, डोळ्यांनी ओळखताच येत नाही, पण कॉम्प्युटरसाठी ते दोन वेगळे शब्द. जुन्या नोंदी बहुतेकदा पहिल्या प्रकारे आहेत आणि मुलं मोबाइलवर टाइप करतात तेव्हा बहुतेकदा दुसरा येतो. म्हणून शेतकऱ्याचा, दौऱ्यावर, वाऱ्यावर, अशी जेवढी शीर्षकं असतील ती सगळी गायब. 'ऱ्ह' चंही तेच, ऱ्हास, तऱ्हा.

करायचं असं, आधी बॅकअप घ्या. मग कोहातून मार्क फाइल (सगळ्या नोंदींची फाइल) एक्स्पोर्ट करा, ती दुरुस्त करायचं मार्कएडिट सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात पहिला प्रकार शोधून दुसरा घाला, परत इंपोर्ट करा, मग इंडेक्स (शोधाची सूची) नव्यानं बांधा. इंडेक्स विसरलात तर काहीच फरक दिसणार नाही, आम्ही तेच विसरलो होतो. कोहात शोधासाठी झेब्रा वापरत असाल तर त्यातली आयसीयू ही युनिकोड अक्षरं हाताळणारी सोय चालू आहे का तेही बघून घ्या, देवनागरीसाठी लागतं. आणि असूड की आसूड, लोक दोन्ही लिहितात, तेव्हा दुसरं रूप नोंदीतल्या २४६ या रकान्यात पर्यायी शीर्षक म्हणून टाका. आधी पाच-दहा नोंदींवर करून बघा, एकदम सगळ्या लायब्ररीवर नको.

देवघेव_काउंटर

सगळ्यांचे मनापासून आभार, आणि हलन्त, तुम्हाला तर हात जोडून.

आज दुपारी मॅडमना सांगून दहा नोंदींवर करून बघितलं. त्या मुलीनं जसं मोबाइलवर टाइप केलं होतं तसंच माझ्या मोबाइलवरून टाइप केलं, शेतकऱ्याचा असूड, आणि चारही प्रती आल्या, रॅक नंबरासकट. मी मॅडमना हाक मारून बोलावलं, काउंटरवरचे मामा पण आले, मग आम्ही आणखी शीर्षकं टाकत बसलो, येतायत. उरलेल्या नोंदी शनिवारी बॅकअप घेऊन करणार आहोत. त्या मुलीला मेसेज केलाय.

काका, ओल आमच्याकडे पण आहे, पश्चिमेच्या भिंतीला, ते फोटोसकट घालणार आहे. परिचरांची नावं मॅडमनी लगेच मान्य केली. उद्यापासून चार दिवस रिटर्न काउंटरला घड्याळ लावून बसतेय. स्पर्श, आमचे स्कॅन बघितले, मजकूर नाहीये त्यात, नुसते फोटोच आहेत, ओसीआर आता कामाच्या यादीत टाकलंय आणि सुगम्यच्या मेंबरशिपचं सोमवारी अपंग विद्यार्थी कक्षात जाऊन विचारते, इथेच येऊन सांगेन. निळी_शाई, मराठी विभागात मी स्वतः अजून एकदाही गेले नव्हते लॉगिन दाखवायला. बुधवारी दुपारचा तास मिळालाय त्यांच्याकडून, रूममेट आमच्याच विद्यापीठात असेल तर तिला पाठव.