पीएसए ६.८ म्हणजे थेट बायोप्सी?

वडिलांचा पीएसए (प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीसाठीची रक्तचाचणी) ६.८ आलाय, आता लगेच बायोप्सी (ग्रंथीचा तुकडा काढून तपासणी) का, असं एकाने विचारलंय म्हणून लिहितो.

आमचे काका, परळला राहतात, वय ६९. हेल्थ चेकअपच्या पॅकेजात पीएसए ९.१ निघाला. घरात सुतक पडल्यासारखी शांतता. युरॉलॉजिस्टनी पहिलाच प्रश्न विचारला, "लघवीला जळजळ होत होती का?" काका म्हणाले, "हो, उन्हाळी लागली म्हणून सब्जा पीत होतो." इन्फेक्शन निघालं! औषधाचा कोर्स झाला, दोन महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं, ३.६.

पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशींचं प्रथिन, कॅन्सरचं नव्हे. वयानुसार ग्रंथी वाढली, सूज आली, कॅथेटर घातला तरी आकडा चढतो. ४ ते १० च्या मधे असाल तर फ्री पीएसएबद्दल (रक्तात इतर प्रथिनांना न चिकटलेला, मोकळा पीएसए) डॉक्टरांना विचारा. फ्रीचा वाटा २५ टक्क्यांच्या वर असेल तर कॅन्सरची शक्यता कमी, १० च्या खाली असेल तर बरीच जास्त. पीएचआय (प्रोस्टेट हेल्थ इंडेक्स) नावाची चाचणी टोटल, फ्री आणि प्रो-पीएसए (पीएसएचं आधीचं रूप) असं तिन्हींचं गणित मांडते. बायोप्सीआधी आता बहुतेक जण एमआरआयही सांगतात.

आणि हो, फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइडची (वाढलेल्या प्रोस्टेटसाठी देतात ती) गोळी काही महिने चालू असेल तर पीएसए साधारण निम्माच दिसतो. काकांच्या शेजाऱ्यांचा २.९ बघून सगळे खूश होते, गोळ्यांचा डबा कुणी उघडून पाहिलाच नव्हता. वडिलांच्या औषधांची यादी सोबत न्या, आणि दुसऱ्यांदा रक्त त्याच लॅबमध्ये द्या.